सर्वकालीन सर्वश्रेष्ठ बास्केटबॉल खेळाडू: जॉर्डन, लेब्रॉन, की रकान्यात न मावलेला रसेल?

गुणलेखक

गेली 22 वर्षं मी शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या सामन्यांना टेबलावर बसतो. टेबल म्हणजे मध्यरेषेसमोरची ती जागा, जिथे गुणलेखक, त्याचा मदतनीस आणि घड्याळ सांभाळणारा बसतात. दोन गुण झाले की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो गेला की भरीव ठिपका, तीन गुणांना रेघ आणि खेळाडूच्या नंबराभोवती गोल. शिवाय फाऊल आणि टाइमआऊट. आमच्या कागदावर खेळ एवढाच उतरतो.

गेल्या महिन्यात एक अंतिम सामना संपल्यावर आम्ही खुर्च्या उचलत होतो. तिथेच बारावीतल्या दोन मुलांची जुंपली, मायकल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स. दोघंही तयारीची होती, आकडे तोंडपाठ. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, बिल रसेल. दोघांनीही हे नाव ऐकलेलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

रसेल 1956 ते 1969 अशी 13 वर्षं एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, बोस्टन सेल्टिक्सकडून खेळला आणि त्यात संघाने 11 अजिंक्यपदं जिंकली. त्यातली 8 सलग, 1959 ते 1966. तो येण्याआधी बोस्टनकडे एकही नव्हतं. शेवटची दोन, 1968 आणि 1969 ची, त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत जिंकली. सात सामन्यांच्या मालिकेतल्या ‘हरलात तर संपलं’ अशा सातव्या सामन्यात तो 10 वेळा उतरला आणि 10 वेळा जिंकला.

पण माझा मुद्दा ट्रॉफ्यांचा नाही. रसेलचं खरं हत्यार होतं ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, आणि एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली 1973-74 च्या हंगामात. तो निवृत्त होऊन चार वर्षं उलटल्यावर. ज्या गोष्टीने त्याने खेळ बदलला, त्या गोष्टीला त्याच्या खेळण्याच्या काळात रकानाच नव्हता. सामन्यागणिक सरासरी 15.1 गुण, 22.5 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), एवढंच कागदावर राहिलं, आणि आजची पोरं तो 15.1 बघून पुढे सरकतात.

आणि ब्लॉक म्हणजे तरी काय? आमची मुलं ब्लॉक करतात तेव्हा चेंडू प्रेक्षकांत भिरकावतात. टाळ्या पडतात, पण चेंडू परत समोरच्याच संघाला मिळतो. रसेल चेंडूला फक्त हात लावायचा, असा की तो कोर्टातच राहावा आणि आपल्या माणसाकडे जावा. तिथून बोस्टनची धाव सुरू व्हायची. म्हणजे एका स्पर्शात समोरच्याचे दोन गुण गेले आणि आपले दोन आले. चार गुणांचा फरक, आणि कागदावर त्याचं नाव कुठेच नाही.

तुमचं मत सांगा. नुसतं नाव नको, कारणही हवं.

पहाटेचा_शिकागो

धागा आवडला. रसेलचा मान राखून सांगतो: जॉर्डन, आणि यात माझ्या मनात कधी शंका आली नाही.

15 जून 1998, सोमवार. आमच्या शाळेचा नव्या वर्षाचा पहिलाच दिवस. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ होती, आमच्याकडे पहाट. केबलवर अंतिम फेरीचा सहावा सामना चालू, जॉर्डनचं शिकागो आणि युटा, सॉल्ट लेक सिटीत. मी गणवेश घालून टीव्हीसमोर, आई मागून डबा भर म्हणून ओरडतेय.

शेवटचं मिनिट आठवा. युटा तीन गुणांनी पुढे. जॉर्डन एकटा आत घुसतो, ले-अप, फरक एकाचा. मग युटाचा चेंडू कार्ल मलोनकडे. जॉर्डन मलोनच्या मागून येतो आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो. मलोनला कळलंसुद्धा नाही मागे कोण आहे. टाइमआऊट घेतला नाही. हळूहळू चेंडू वर आणला, युटाच्या ब्रायन रसेलसमोर (हा रसेल वेगळा) उभा राहिला, उजवीकडे झेप घेतल्यासारखं केलं, थबकला, उडी मारली. 5.2 सेकंद बाकी. 87-86. त्या सामन्यात त्याचे 45 गुण, वय 35, आणि जोडीदार पिपेन पाठीच्या दुखण्याने अर्धा वेळ वाकून चालत होता.

लोकांना तो शॉट आठवतो. मला चोरी आठवते. बचाव, गुण, धीर, सगळं एकाच माणसाकडून, एकाच मिनिटात. 6 अंतिम फेऱ्या, 6 विजय, सहाही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू, आणि सातव्या सामन्यापर्यंत एकदाही गोष्ट गेली नाही. 10 वेळा हंगामात सर्वाधिक गुण. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, कारकिर्दीची सरासरी 33.4, ती अजून कोणाला गाठता आलेली नाही.

आकडेमोड

गुणलेखक, लेख मनापासून आहे हे कळतं, पण रसेलबद्दल काही गोष्टी सुटल्या. तो आला तेव्हा लीगमध्ये 8 संघ होते. पहिल्या बऱ्याच वर्षांत अव्वल संघाला दोन मालिका जिंकल्या की अजिंक्यपद मिळायचं. आज चार जिंकाव्या लागतात, त्याही 30 संघांच्या लीगमध्ये. आणि त्याच्या बाजूला कोण होतं बघा: कूझी, शारमन, हाइनसन, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, हॅवलिचेक. सगळे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत. वर बाकावर प्रशिक्षक रेड आउरबाख. रसेलचा स्वतःचा नेम म्हणाल तर मैदानी गोलात 44 टक्के आणि फ्री थ्रोमध्ये 56. रिंगजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरला हे कमी आहे.

आणखी एक, तुमच्याच क्षेत्रातलं. रकाना आला म्हणजे सत्य आलं असं होत नाही. 1987-88 मध्ये जॉर्डन सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू असे दोन्ही किताब घेऊन गेला, सरासरी 35 गुण. 2024 मध्ये काही पत्रकारांनी त्या हंगामाचे आकडे मैदानागणिक तपासले. त्याचे स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक घरच्या मैदानावर बरेच जास्त नोंदलेले होते, बाहेरगावी बरेच कमी. आकडे लिहिणारा माणूस घरच्या संघाचाच असायचा. जॉर्डन खोटा ठरतो असं मी म्हणत नाही, तो अफाट बचावपटू होताच. पण हात कोणाचा होता हे पाहिल्याशिवाय आकडा पुरा होत नाही.

गुणलेखक

@आकडेमोड, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत, आणि तो वाचून पोटात गोळा आला. स्टील कोणाचं हे ठरवायला मदतनीसाला निमिष मिळतं. चेंडूला बोट लागलं की नाही? आपला पोरगा असेल तर मन ‘लागलं’ म्हणतं. मी स्वतःला कितीदा थांबवलंय ते मला माहीत आहे.

दोन मालिकांचा मुद्दा खरा आहे. पण 8 संघ याचा दुसरा अर्थही घ्या. 8 संघ म्हणजे अख्ख्या लीगमध्ये शंभराच्या आसपास जागा, आणि विल्ट चेंबरलेनसारखा गुणांचा डोंगर रचणारा सेंटर वर्षातून कितीतरी वेळा समोर. त्या दोघांच्या लढतींत रसेलच्या संघाने 85 जिंकल्या, विल्टच्या संघाने 57. त्या सामन्यांत विल्टची सरासरी 28.7 गुण आणि 28.7 रिबाउंड, रसेलची 14.5 आणि 23.7. कागद म्हणतो गुणांत विल्ट दुप्पट. निकाल दुसरंच सांगतो. मला त्या दोन ओळींमधल्या फटीत काय आहे तेच शोधायचंय.

आणि सोबत्यांचं म्हणाल तर 1968-69 मध्ये बोस्टन 48 जिंकलं, 34 हरलं आणि तरी अजिंक्य झालं. रसेल निवृत्त झाला. पुढच्या वर्षी 34 विजय, 48 पराभव, प्लेऑफसुद्धा नाही. आकडे अक्षरशः उलटले. (सॅम जोन्सही त्याच वर्षी गेला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हॅवलिचेक मात्र होता.)

किंग_ठाणेकर

गुणलेखक दादा, मग हाच नियम लेब्रॉनला लावा ना! 2009-10 मध्ये क्लीव्हलंडचे 61 विजय. लेब्रॉन मायामीला गेला, पुढच्या वर्षी 19. एकसष्टवरून एकोणीसवर. आणि जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला त्या वर्षी, 1993-94 मध्ये, शिकागोने 55 सामने जिंकले. आधीच्या वर्षी जॉर्डनसह 57 जिंकले होते.

मी 2003 नंतरचा प्रेक्षक आहे, ते मान्य. पण जॉर्डनवाले कायम अंतिम फेऱ्यांतलं ‘6-0’ म्हणतात आणि लेब्रॉनचे 4-6 दाखवतात, हे मला कधीच पटलं नाही. जॉर्डनचा संघ 1985, 86, 87 अशी तीन वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्या हरण्याचा कुठे हिशोब होत नाही. लेब्रॉन 2007 मध्ये 22 वर्षांचा असताना एका सामान्य संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला आणि हरला, तर ते त्याच्या नावावर डाग! लवकर हरणं बरं आणि उशिरा हरणं वाईट, असं कुठल्या खेळात असतं? 2011 ते 2018, सलग 8 अंतिम फेऱ्या खेळलाय तो माणूस, दोन वेगळ्या संघांकडून.

आणि 2016. गोल्डन स्टेट त्या हंगामात 73 जिंकून 9 हरलेलं, म्हणजे जॉर्डनच्या 72-10 च्याही पुढे. तोवर लेब्रॉन क्लीव्हलंडला परतला होता, आणि अंतिम फेरीत क्लीव्हलंड त्यांच्यासमोर 1-3 ने मागे. अंतिम फेरीत 1-3 वरून तोवर कोणीच परतलं नव्हतं. लेब्रॉनने त्या मालिकेत गुण, रिबाउंड, असिस्ट (ज्यातून गुण होतो तो पास), स्टील, ब्लॉक या पाचही गोष्टींत दोन्ही संघांतल्या सगळ्यांना मागे टाकलं. पाचही! हे दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

सातवा सामना, 89-89, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ. गोल्डन स्टेटचा इग्वोदाला मोकळा धावतोय, समोर क्लीव्हलंडचा जे. आर. स्मिथ, त्याला चुकवायला इग्वोदाला हवेत क्षणभर चेंडू खाली घेतो. तेवढ्या क्षणात मागून लेब्रॉन. तो जवळजवळ अख्खं कोर्ट धावत आलाय. चेंडू बोर्डावर दाबला. दादा, तुमच्याच भाषेत सांगतो: तो चेंडू बाहेर गेला नाही, क्लीव्हलंडकडेच राहिला. रसेलचाच ब्लॉक होता तो.

पहाटेचा_शिकागो

ठाणेकर, 55 विजयांचा मुद्दा मी वीस वर्षं ऐकतोय. त्या वर्षी शिकागो दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्ककडून हरलं. जॉर्डन पूर्ण हंगामासाठी परतला आणि लगेच 72-10 आणि तीन अजिंक्यपदं. चांगला संघ आणि अजिंक्य संघ यात जे अंतर असतं ते जॉर्डन होता.

आणि तो बेसबॉलला का गेला हेही विसरू नये. जुलै 1993 मध्ये त्याच्या वडिलांचा खून झाला होता. मुलाने बेसबॉल खेळावं असं वडिलांना वाटायचं. ऑक्टोबरमध्ये तो निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या दुय्यम लीगच्या संघातून बसने गावोगाव फिरला. जगातला सर्वात प्रसिद्ध खेळाडू. मला त्याच्या सहा अजिंक्यपदांइतकाच तो बसप्रवास मोठा वाटतो.

2016 चा ब्लॉक मात्र मान्य. तो मी उभा राहून पाहिला.

स्कायहूक

मी 1984 ते 87 लॉस एंजेलिसमध्ये शिकायला होतो, तेव्हा इथे माझ्याशिवाय कोणी करीम अब्दुल-जब्बारचं नाव घेणार नाही हे गृहीत धरून लिहायला बसलो.

तिकीट परवडायचं नाही. दोन वर्षांत तीनदा फोरममध्ये, म्हणजे करीमच्या लेकर्स संघाच्या मैदानात, गेलो, तेही सर्वात वरच्या रांगेत. तिथून खेळाडू नखाएवढे दिसतात. पण स्कायहूक वरूनच बघावा. करीम रिंगकडे पाठ करून उभा राहायचा, डावा खांदा प्रतिस्पर्ध्याच्या छातीला, मग एक पाऊल, शरीर आडवं, आणि उजवा हात जमिनीपासून सरळ वर्तुळाच्या टोकापर्यंत. चेंडू हातातून सुटायचा तो शरीरापासून इतका लांब आणि इतका वर की मधे अडवणाऱ्याचं अख्खं शरीर पडायचं. अडवायला क्वचितच कोणाला जमलं. आणि आवाज नाही. वरून फक्त जाळी हललेली दिसायची, मग लोकांचा आवाज पोचायचा.

त्यामागची गोष्ट लोक विसरतात. तो यूसीएलए विद्यापीठात शिकत असताना 1967 मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर (चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावर) बंदी आली, ती 1976 पर्यंत राहिली. बंदी त्याच्यामुळेच आली असं तेव्हा सगळे म्हणत. ज्या वाटेने तो गुण करायचा ती बंद केली, तर त्याने दुसरी पक्की केली आणि तिच्यावर वीस हंगाम चालला. यूसीएलएला 88 विजय आणि फक्त 2 पराभव. मग 6 अजिंक्यपदं, 6 वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. हा सहाचा आकडा आजही कोणाकडे नाही, जॉर्डनकडे 5, रसेलकडे 5, लेब्रॉनकडे 4. सर्वाधिक गुणांचा विक्रम जवळजवळ 39 वर्षं त्याच्याकडे होता, शेवटी 38,387 गुण. 7 फेब्रुवारी 2023 ला लेब्रॉनने तो मोडला तेव्हा करीम समोरच बसला होता, आणि चेंडू त्याने स्वतः लेब्रॉनच्या हातात दिला.

1985 ची अंतिम फेरी सांगतो आणि थांबतो. पहिल्या सामन्यात बोस्टनने लेकर्सना 148-114 ने तुडवलं. करीम 38 वर्षांचा, वर्तमानपत्रं त्याला म्हातारा ठरवून मोकळी. नंतरच्या व्हिडिओ-बैठकीत तो पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि स्वतःच्या चुका पाहत राहिला. दुसऱ्या सामन्याला जाताना संघाच्या बसमध्ये त्याने वडिलांना सोबत घेतलं. त्या रात्री 30 गुण, 17 रिबाउंड, 8 असिस्ट. सहाव्या सामन्यात लेकर्स बोस्टनच्याच मैदानावर अजिंक्य झाले. त्याआधी बोस्टनविरुद्धच्या आठही अंतिम फेऱ्या ते हरले होते. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू करीम. पहिल्यांदा तो हा किताब 1971 मध्ये मिलवॉकीकडून घेऊन गेला होता. दोन किताबांमध्ये 14 वर्षं.

मस्तान_तलाव

आम्ही नागपाड्याचे. सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून शिकलो, आणि आमच्याकडे ‘सर्वश्रेष्ठ’ म्हटलं की आधी अब्बास मुंतसिर यांचं नाव निघतं. भारताचे कप्तान, 1970 चा अर्जुन पुरस्कार, आमच्याच गल्लीतून गेलेले. जगाच्या यादीत ते नाहीत हे कळतं, पण ज्याला डोळ्यांनी खेळताना पाहिलं त्याच्यावरून माणूस मोजायला शिकतो.

ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना खेळायला आले. भारतातले एनबीएचे पहिले सामने. सॅक्रामेंटोचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मले. पहिल्या दिवशी स्टेडियम शाळकरी मुलांनी भरलेलं, सामना जादा वेळेत गेला, इंडियाना 132-131. टीव्हीवर जे सोपं दिसतं ते समोरून बघितल्यावर कळतं: ही उंच माणसं थांबतात केवढ्या चटकन! पळणं सगळ्यांनाच येतं. जॉर्डनचं 98 चं ते थबकणं आठवा. मी त्यासाठी जॉर्डनला मत देतो.

मैदानवेडी

पूर्ण धागा वाचला. चौघांची नावं, चौघांचे हजार पैलू, आणि एकाही प्रतिसादात एकही बाई नाही. मी विद्यापीठाकडून चार वर्षं सेंटर खेळले, त्यामुळे हे मला टोचतं आणि म्हणून लिहिते. मराठीत ‘खेळाडू’ शब्दाला लिंग नाही. तो खेळाडू, ती खेळाडू. प्रश्न विचारताना भाषेने दार उघडं ठेवलंय, उत्तर देताना आपण ते लावून घेतो.

गुणलेखक, तुमच्या रकान्याच्या मुद्द्याला माझ्याकडे तुमच्यापेक्षा मोठं उदाहरण आहे. लिनेट वुडर्ड. कॅन्सस विद्यापीठाकडून 1981 पर्यंत खेळली, 3,649 गुण. पण महिलांचं कॉलेज बास्केटबॉल तेव्हा वेगळ्या संघटनेकडे होतं, एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने ते 1981-82 पासून हाती घेतलं. मग एनसीएएच्या विक्रमांच्या यादीत वुडर्ड नव्हतीच! इथे एक रकानाच नाही असं नव्हतं, अख्खी वहीच धरली गेली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केटलिन क्लार्कने आधी ‘अधिकृत’ विक्रम मोडला आणि सगळीकडे जल्लोष झाला. त्यानंतर काही दिवसांनी तिने वुडर्डचा आकडा ओलांडला, तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की असा एक आकडा होता.

लुशिया हॅरिस घ्या. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा आलं आणि त्या इतिहासातली पहिली बास्केट तिची. डेल्टा स्टेटला सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं. 1977 मध्ये न्यू ऑर्लिन्स जाझने तिला एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, निवडलं. आणि मग? तेव्हा तिच्यासाठी लीगच नव्हती. महिलांची डब्ल्यूएनबीए सुरू झाली 1997 मध्ये, वीस वर्षांनी. रसेलचे ब्लॉक निदान खेळले तरी गेले, मोजले गेले नाहीत एवढंच. हॅरिसचे कितीतरी सामने झालेच नाहीत.

सिंथिया कूपर 34 व्या वर्षी त्या नव्या लीगमध्ये उतरली, पहिली चारही अजिंक्यपदं तिच्या ह्यूस्टन संघाने जिंकली आणि चारही वेळा अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू कूपर. तिची ऐन उमेदीची वर्षं युरोपात गेली. आणि डायना टॉरासी: 2004 ते 2024, सहा ऑलिम्पिक, सहा सुवर्णपदकं. सलग वीस वर्षं देशाने तिला बोलावलं आणि एकदाही ती सुवर्णाशिवाय परतली नाही. माझं मत टॉरासीला.

आकडेमोड

मैदानवेडी, वुडर्डची ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी आकड्यांचा माणूस म्हणवतो आणि मला ती माहीत नव्हती, याची मला खंत वाटते. धन्यवाद.

गुणलेखकांसाठी एक. 2 मार्च 1962, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. विल्टने न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात 100 गुण केले. टीव्ही नाही, चित्रण नाही, 4,124 प्रेक्षक. जो एक फोटो सगळ्यांनी पाहिलाय, त्यात विल्टच्या हातात एक कागद आहे आणि त्यावर हाताने लिहिलंय 100. तो आकडा लिहिणारा हार्वी पोलॅक, फिलाडेल्फियाचा आकडेवारी सांभाळणारा माणूस. त्या संध्याकाळी तो वर्तमानपत्रांसाठीही बातमी पाठवत होता. विल्टचे 100 आज आपल्यापर्यंत पोचलेत ते त्या टेबलावरच्या माणसामुळे.

किंग_ठाणेकर

टॉरासीचे सहा ऑलिम्पिक वाचून मी गप्प झालो. लेब्रॉनची तीन सुवर्णं, 2008, 2012 आणि 2024, घेऊन आलो होतो, ती मागे ठेवतो.

गुणलेखक दादा, एक प्रश्न. तुम्ही रसेलला पाहिलेलं नाही, मीही नाही. चित्रण तुटक आहे. मग 11 अजिंक्यपदं सोडून तुम्हाला तो ‘सर्वश्रेष्ठ’ कशावरून वाटतो? खरंच विचारतोय.

गुणलेखक

@ठाणेकर, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस.

तूनळीवर 1969 च्या सातव्या सामन्याचे तुकडे आहेत. लॉस एंजेलिसमध्ये सामना, छताला हजारो फुगे बांधलेले, लेकर्स जिंकले की सोडायचे म्हणून. रसेल 35 वर्षांचा, गुडघे गेलेले. लेकर्सचा जेरी वेस्ट 42 गुण, 13 रिबाउंड, 12 असिस्ट करतो आणि हरतो, 108-106. अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याच वर्षी सुरू झाला आणि तो हरलेल्या वेस्टला मिळाला. तोही हक्काचा. रसेलकडे असा एकही किताब नाही, कारण तो सुरू झाला तेव्हा रसेलचा शेवटचा सामना चालू होता. आज त्या किताबाला नाव आहे बिल रसेल.

त्या तुकड्यांत मी चेंडू बघत नाही, चेंडू नसलेल्या बाजूला बघतो. लेकर्सचा माणूस आत घुसतो, रसेल दोन पावलं लांब उभा आहे, हातही वर नाही, आणि तरी तो माणूस थांबतो आणि चेंडू परत बाहेर देतो. शॉट झालाच नाही. आता सांग, ही गोष्ट मी कुठल्या रकान्यात लिहू? आजच्या कागदावरही तिला जागा नाही. मला रसेल सर्वश्रेष्ठ वाटतो तो या न झालेल्या शॉट्समुळे.

आणि कोर्टाबाहेरचंही सांगतो. 1961 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला हॉटेलच्या कॅफेत त्याच्या काळ्या सहकाऱ्यांना खायला द्यायला नकार दिला. रसेल आणि ते सगळे सामना न खेळता परत निघून गेले. बोस्टनजवळच्या त्याच्या घरात लोक घुसले, ट्रॉफ्या फोडल्या, बिछान्यात घाण केली. ज्या शहराला तो दरवर्षी अजिंक्यपद देत होता त्या शहराच्या परिसरात. आणि दुसऱ्या संध्याकाळी याने उतरायचं आणि खेळायचं. 1966 मध्ये तो एनबीएचा पहिला काळा मुख्य प्रशिक्षक झाला. जुलै 2022 मध्ये तो गेला आणि लीगने त्याचा 6 नंबर सगळ्याच संघांसाठी कायमचा बंद केला. एनबीएत असा मान दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. लेब्रॉन तेव्हा 6 नंबर घालत होता, वर्षभरात त्याने स्वतःहून सोडला आणि 23 वर परतला.

@मैदानवेडी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. चूक माझी. मी धागा लिहिताना एकाही बाईचं नाव मनात आलं नाही, आणि मी निम्मे सामने मुलींचेच लिहितो.

मैदानवेडी

चूक वगैरे नका म्हणू. धागा काढलात म्हणून बोलता आलं. फक्त पुढच्या वेळी त्या बारावीतल्या मुलांना रसेलसोबत हॅरिसचंही नाव सांगा.

आणि ‘न झालेला शॉट’ हे अगदी खरं. मी सेंटर होते. ज्या दिवशी माझ्यासमोर कोणी आत यायलाच धजावायचं नाही, त्या दिवशी माझ्या नावापुढे चार रिबाउंड लागायचे आणि घरी सगळे विचारायचे, आज खेळली नाहीस का?

स्कायहूक

रसेलचं वाचून माझं मत बदललं नाही, करीमच. पण त्या 1969 च्या सामन्याचे तुकडे काल रात्री बघितले. तुम्ही म्हणता तसं चेंडू सोडून बघितलं. सवय नाही, डोळे पुन्हा पुन्हा चेंडूकडे जातात. चौथ्यांदा बघताना दिसलं.

गुणलेखक

धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं घडलं.

शनिवारी 14 वर्षांखालील मुलींचा सामना होता. गुणपत्रक नेहमीचं, त्याला हात लावता येत नाही. पण मी बाजूला वहीचं एक पान ठेवलं आणि पेन्सिलीने दोनच रकाने आखले: ब्लॉक झाला, आणि मग चेंडू कोणाला मिळाला. मदतनीस मुलाला ते काम दिलं.

सामन्यात एकूण 7 ब्लॉक. 5 वेळा चेंडू बाहेर, एकदा समोरच्या संघाला. आणि एकदा, तिसऱ्या सत्रात, एका सडपातळ मुलीने उडी मारली, चेंडू तळव्यावर जवळजवळ झेलला आणि आपल्या गार्डच्या दिशेने खाली सोडला. गार्ड पळाली, ले-अप. माझ्या कागदावर ले-अपची तिरकी रेघ गार्डच्या नंबरापुढे पडली.

सामना संपल्यावर ती मुलगी पाणी प्यायला टेबलापाशी आली. मी तिला ते पान दाखवलं. तिने तिचा 9 नंबर शोधला, त्याच्यापुढचं ‘आपल्याला’ वाचलं आणि विचारलं, ‘सर, हे पान मी घेऊ का?’

फाडून दिलं. पुढच्या शनिवारसाठी नवीन आखलंय.